मदतीच्या पानांची लेखनशिस्त

‘विकी’ हा शब्द मराठी वाचकाला आतां अपरिचित राहिलेला नाहीं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला, आणि शाळेचा गृहपाठ करणारीं मुलें त्याचीं पानें हळूहळू घरोघरीं उघडूं लागलीं. परंतु विकी म्हणजे केवळ ज्ञानकोश नव्हे. जें पान वाचावयाचें तेंच वाचणाऱ्याला दुरुस्तहि करतां यावें, ही त्यामागील मूळ कल्पना. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें असें पहिलें स्थळ २५ मार्च १९९५ रोजीं खुलें केलें. नांव सुचलें तें होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना इकडून तिकडे नेणाऱ्या ‘विकी विकी’ बसगाडीवरून. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकी’ म्हणजे जलद.

ज्ञानकोशाइतका गाजावाजा ज्याच्या वांट्याला येत नाहीं, असा या विकीचा एक साधा प्रकार पाश्चात्य विद्यापीठांतून रुळला आहे. तो म्हणजे संगणकविषयक मदतीचीं पानें. विद्यापीठाचें वायरलेस जाळें आपल्या यंत्राला कसें जोडावें, परवलीचा शब्द विसरल्यास काय करावें, घरीं बसून ग्रंथालयांतील नियतकालिकें कशीं वाचावीं, प्रयोगशाळेच्या मोठ्या संगणकाला काम कसें सोंपवावें, असल्या शेंकडों प्रश्नांचीं उत्तरें तेथें लिहून ठेवलेलीं असतात. प्रश्नोत्तरांचा असा संग्रह ठेवण्याची कल्पना विकीच्याहि आधींची आहे. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठानें ‘नॉलेज बेस’ या नांवाचा आपला संग्रह १९८८ सालीं आरंभिला. टिम बर्नर्स-ली यांनीं जागतिक जाळ्याचा पहिला प्रस्ताव मांडला तो त्यानंतर एका वर्षानें. विकी आल्यावर फरक इतकाच पडला कीं लिहिणारे हात वाढले. संगणक-कक्षांतला नोकर लिहितो, ग्रंथपाल लिहितो, एखादा संशोधक विद्यार्थीहि आपल्याला सांपडलेली युक्ति नोंदवून जातो.

हात वाढले कीं वळणें वाढतात. एकजण ‘लॉग-इन करा’ म्हणतो, दुसरा ‘आंत शिरा’ म्हणतो, तिसरा ‘ओळख पटवा’ म्हणतो. आणि नवखा विद्यार्थी हीं तीन वेगवेगळीं कामें आहेत असें समजून बुचकळ्यांत पडतो. म्हणून अशा प्रत्येक विकीला एक लहानसें नियमपत्रक असावें लागतें: मथळा कसा द्यावा, पायऱ्यांना आंकडे केव्हां घालावे, यंत्राला द्यावयाची आज्ञा कोणत्या ठशांत लिहावी, चित्र केव्हां घालावें व केव्हां घालूं नये.

नियमपत्रकाचें नांव काढलें कीं पुष्कळांना तें पंडिती सोंवळें वाटतें. वस्तुतः अशीं पत्रकें विद्यापीठांच्या छापखान्यांतून, अगदीं व्यावहारिक अडचणींतून जन्माला आलीं. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक होरेस हार्ट यांनीं आपल्या खिळेजुळाऱ्यांसाठीं १८९३ सालीं नियमांची एक पुस्तिका छापली. ती मूळची केवळ घरच्या माणसांसाठीं. १९०४ सालीं ती सर्वांसाठीं प्रसिद्ध झाली. शिकागो विद्यापीठाचा छापखाना १८९१ सालीं निघाला. तेथें प्राध्यापकांचीं हस्तलिखितें थेट जुळाऱ्यांच्या हातीं पडत. प्राध्यापकांचें अक्षर आणि त्यांच्या लहरी या दोहोंनीं तेथील मुद्रितशोधक इतके जेरीस आले कीं त्यांनीं नियमांचा एक कागद तयार केला. तोच वाढत वाढत १९०६ सालीं पुस्तक झाला, आणि आजहि तें पुस्तक नव्या नव्या आवृत्त्यांनीं चालू आहे.

तथापि हार्ट यांचे जुळारी आणि आजचे विकी-लेखक यांच्या कामांत एक मोठा भेद आहे. छापील ग्रंथांत स्वल्पविराम चुकला तर फार तर जाणता वाचक कपाळाला आठी घालतो. मदतीच्या पानावरील चूक मात्र कृतींत उतरते. हें पान कोणी निवांतपणें आरामखुर्चीवर वाचीत नाहीं. प्रबंध सादर करण्याची मुदत संपावयास तासभर उरला आहे, यंत्र आंत घेत नाहीं, कार्यालय बंद आहे, अशा वेळीं विद्यार्थी तें उघडतो. त्याचा एक डोळा पानावर व एक यंत्रावर असतो, आणि पान सांगेल तसें तो अक्षरशः करीत जातो. या वाचकाला डोळ्यांपुढें ठेवलें म्हणजे नियमपत्रकांतला कोणता नियम अस्सल व कोणता निव्वळ हौसेचा, हें चट्‌दिशीं कळतें.

यंत्राला द्यावयाच्या आज्ञांचेंच उदाहरण घ्यावें. नियम असा कीं आज्ञा नेहमीं वेगळ्या, समान रुंदीच्या ठशांत लिहावी. जुन्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखीच जागा व्यापीत असे, तशा ठशांत. पहिल्या दृष्टीला ही नुसती सजावट वाटते. परंतु इंग्रजी छोटा ‘एल्’ आणि एकाचा आंकडा, तसेंच मोठा ‘ओ’ आणि शून्य, हीं जोडपीं साध्या ठशांत जुळ्या भावंडांसारखीं दिसतात. अशा कामासाठीं बनविलेल्या समान रुंदीच्या ठशांत त्यांचे चेहरे मुद्दाम निराळे केलेले असतात. शून्याच्या पोटांत ठिपका किंवा तिरपी रेघ असते. दुसरें असें कीं, लेखनाच्या कांहीं आज्ञावल्या लेखकावर न सांगतां उपकार करीत असतात. सरळ अवतरणचिन्ह टंकलें कीं त्याचें डौलदार वांकडें चिन्ह करतात, दोन आंखूड रेघा एकामागें एक आल्या कीं त्यांची एक लांब रेघ करतात. छापील गद्याला हें शोभून दिसतें. यंत्राला मात्र वांकडें अवतरणचिन्ह हें अवतरणचिन्हच वाटत नाहीं, आणि लांब रेघ ही आंखूड रेघांच्या जागीं चालत नाहीं. विद्यार्थी पानावरची आज्ञा जशीच्या तशी उचलून यंत्रांत घालतो, यंत्र ती नाकारतें, आणि तो बिचारा स्वतःला दोष देत बसतो. दोष असतो पान सजविणाऱ्या हाताचा.

कधीं कधीं तर यंत्र आज्ञा नाकारीत नाहीं, स्वीकारतें, आणि तें अधिक भयंकर असतें. युनिक्स घराण्याच्या संगणकांवर फाइली कायमच्या पुसून टाकणारी एक आज्ञा आहे. अमुक अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या सर्व फाइली पुसा, असें तिला सांगतां येतें. तीं अक्षरें लिहून त्यांना लगटून तारा-चिन्ह द्यावयाचें. अक्षरें आणि तारा यांच्यामध्यें चुकून एक मोकळी जागा पडली, तर यंत्र त्याचा अर्थ निराळाच घेतें: त्या नांवाची फाइल पूस, आणि शिवाय या कप्प्यांतील सर्व कांहीं पूस. एक मोकळी जागा, आणि दोन वर्षांचें टिपण नाहींसें. छापील पुस्तकाच्या शुद्धिपत्रकांत असल्या चुकीला एक ओळसुद्धां मिळाली नसती. म्हणूनच चांगल्या नियमपत्रकांत, आज्ञा हातानें उतरवूं नये, यंत्रावर चालवून पाहावी व तेथूनच उचलून पानावर आणावी, असें बजावलेलें असतें.

याला लागूनच दुसरा नियम येतो. धोक्याची सूचना कृतीच्या आधीं लिहावी, नंतर नव्हे. हें सांगावें लागतें याचेंच आश्चर्य वाटावें. पण लिहिणारा स्वतः ती कृति शंभर वेळां केलेला असल्यामुळें त्याच्या मनांत सगळें एकदमच असतें, आणि ‘यामुळें पूर्वींचीं पत्रें नष्ट होतील’ हें वाक्य तो सहज पांचव्या पायरीच्या खालीं लिहून जातो. वाचक पांचवी पायरी करून मग खालीं पाहतो. हाच न्याय वाक्याच्या रचनेलाहि लागू आहे. ‘अमुक कळ दाबा, मात्र यंत्र विद्यापीठाचें असेल तरच’ असें न लिहितां ‘यंत्र विद्यापीठाचें असेल तर अमुक कळ दाबा’ असें लिहावें. अट आधीं, कृति मागाहून. मराठी वाक्याची ही स्वाभाविक ठेवणच आहे. इंग्रजी लिहिणाऱ्यांना मात्र ती मुद्दाम शिकावी लागते.

पायऱ्यांच्या आंकड्यांविषयीं नियम सोपा आहे: क्रमानें करावयाच्या गोष्टींना आंकडे, क्रम नसलेल्यांना नुसते ठिपके, आणि एका पायरींत एकच काम. परंतु येथें विकीची स्वतःची एक खोड आडवी येते. विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’ नांवाच्या प्रणालीवर चालतो, तीच पुष्कळ संस्थाहि वापरतात. तींत ओळीच्या आरंभीं ‘हॅश’चें चिन्ह घातलें कीं आंकडे आपोआप पडतात. मात्र दोन पायऱ्यांमध्यें एखादी ओळ मोकळी सोडली, किंवा चित्र स्वतंत्र ओळीवर घातलें, कीं प्रणालीला पहिली यादी संपली असें वाटतें आणि पुढची पायरी पुन्हा एकपासून सुरू होते. चौथ्या पायरीनंतर पुन्हा पहिली! फोनवरून मदत करणारा कर्मचारी ‘सहावी पायरी करा’ म्हणतो, आणि विद्यार्थ्याच्या पानावर सहावी पायरी नसतेच. तसेंच, ओळीच्या आरंभीं नकळत एक मोकळी जागा राहिली तर ती संपूर्ण ओळ चौकटींत जाऊन आज्ञेसारखी दिसूं लागते. असल्या बारीक खोडी नियमपत्रकांत लिहून ठेवाव्या लागतात. त्या कोणाच्याहि तर्कानें कळण्यासारख्या नसतात.

आतां जो भाग सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो त्याकडे वळावयाचें. विद्यापीठांत अंध विद्यार्थीहि असतात. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या आज्ञावल्या त्यांच्या हातीं आहेत. त्यांपैकीं ‘एन्‌व्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं लिहावयास घेतली; तो स्वतः अंध आहे. डोळस वाचक पानावरून नजर फिरवितो आणि हवा तो भाग हेरतो. अंध वाचकाला नजर फिरवितां येत नाहीं, म्हणून तो एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी घेत जातो, किंवा पानावरील सर्व दुव्यांची यादी ऐकतो. लेखकानें मथळा मथळ्याच्या खुणेनें न देतां नुसतीं अक्षरें ठळक करून दिला असेल, तर डोळ्यांना तो मथळा दिसतो, पण वाचणाऱ्या यंत्राला तें एक साधें वाक्य असतें. मग उडी घ्यावयाला पायरीच उरत नाहीं. आणि दुव्यांची यादी ऐकावी तर काय ऐकूं येतें? ‘येथें टिचकी मारा. येथें टिचकी मारा. येथें टिचकी मारा.’ वीस दुवे आणि वीस वेळां तेंच. दुव्याच्या शब्दांतच तो कोठें नेतो हें यावें — ‘परवलीचा शब्द बदलणें’, ‘ग्रंथालयाचा प्रवेश’ — हा नियम कित्येक लेखकांना जाचक वाटतो. अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीनें मात्र दार उघडें कीं बंद, इतका त्याचा अर्थ आहे.

‘उजवीकडचें लाल बटण दाबा’ हें वाक्यहि असेंच. ज्याला दिसत नाहीं त्याला उजवें काय आणि लाल काय. ज्याला दिसतें पण लाल-हिरवा भेद कळत नाहीं त्यालाहि तें निरुपयोगी. आणि लहान फोनवर पान उघडणाऱ्याच्या पडद्यावर तें बटण उजवीकडे नसून खालीं गेलेलें असतें. बटणावर जो शब्द लिहिला आहे तो सांगितला म्हणजे तिघांचेंहि काम होतें. जागतिक जाळ्याच्या मानकसंस्थेनें अशा सुगमतेचे नियम प्रथम १९९९ सालीं प्रसिद्ध केले, दुसरी मोठी आवृत्ति २००८ सालीं आली. नुसत्या रंगावर, आकारावर किंवा जागेवर विसंबून सूचना देऊं नये, हें त्या दुसऱ्या आवृत्तींत स्पष्ट सांगितलें आहे.

चित्रांची आवड विकी-लेखकांना फार. पडद्याचें छायाचित्र घेणें सोपें आणि पान भरल्यासारखें दिसतें. पण चित्रांतला मजकूर शोधून सांपडत नाहीं, वाचणारें यंत्र तो निमूटपणें ओलांडून जातें, आणि आज्ञावलीची नवी आवृत्ति आली कीं चित्र खोटें ठरतें. शब्दांनीं काम भागत असेल तेथें चित्र घालूं नये, आणि घातलें तर त्याचें वर्णन शब्दांत द्यावें.

शिष्टाचाराचा मुद्दा मोठा गमतीचा आहे. ‘कृपया’ हा शब्द प्रत्येक पायरींत घालूं नये, असें मोठ्या आज्ञावली-कंपन्यांचीं नियमपत्रकें सांगतात. आपल्याकडील वाडवडिलांना हें उर्मट वाटेल. परंतु आठ पायऱ्यांत आठ वेळां ‘कृपया’ आलें म्हणजे तें सौजन्य राहत नाहीं, खडीसाखरेचा ढीग होतो, आणि कामाचा शब्द त्याखालीं सांपडेनासा होतो. ‘सहज’, ‘नुसतें’, ‘अगदीं सोपें आहे’ हे शब्द त्याहून वाईट. सोपें असतें तर माणूस मदतीच्या पानावर आलाच नसता. ज्याला तें जमलें नाहीं त्याला, ‘हें तर कोणालाहि जमतें’ असें पानानें तोंडावर सांगितल्यासारखें होतें. वर्गांत मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला हें वाक्य ऐकावें लागलें म्हणजे तो पुन्हा प्रश्न विचारीत नाहीं. विकी वाचणारा विद्यार्थीहि मग प्रश्न न विचारतां पान मिटून टाकतो.

मराठींत अशीं पानें लिहावयाचीं झाल्यास शब्दांचा प्रश्न आणखी टोंकदार होतो. ‘पासवर्ड’ म्हणावें कीं ‘परवलीचा शब्द’, यावर मंडळी तावातावानें वाद घालतील. मदतीच्या पानापुरतें उत्तर सरळ आहे: पडद्यावर जो शब्द छापलेला दिसतो तोच लिहावा. पडद्यावर ‘संपादन’ असेल तर ‘संपादन’, ‘एडिट’ असेल तर ‘एडिट’. वाचकाला तो शब्द डोळ्यांनीं शोधावयाचा असतो. भाषाशुद्धीचें कार्य अन्य पानावर करावें. आंकड्यांचेंहि तेंच. मजकुरांत देवनागरी आंकडे असावेत, यांत संशय नाहीं. पण यंत्राला द्यावयाच्या आज्ञेंत देवनागरी आंकडा गेला तर यंत्र प्रायः ती आज्ञा मानीत नाहीं.

उदाहरणादाखल द्यावयाच्या पत्त्यांबाबत मात्र कडक राहावें. लेखकाला वाटतें, कोणताहि काल्पनिक पत्ता चालेल. परंतु जगांत इतके पत्ते आहेत कीं काल्पनिक म्हणून लिहिलेला पत्ता कोणाचा तरी खरा निघतो, आणि त्या निरपराध माणसाकडे विद्यार्थ्यांचीं चांचणीचीं पत्रें जाऊं लागतात. यासाठींच १९९९ सालीं ‘एग्झाम्पल डॉट कॉम’ हें नांव केवळ उदाहरणांपुरतें राखून ठेवण्यांत आलें आहे. तें कोणालाहि विकत घेतां येत नाहीं. तेंच वापरावें. आणि खरा परवलीचा शब्द उदाहरण म्हणून पानावर कधींहि लिहूं नये. मागाहून पुसला तरी विकीच्या इतिहासाच्या पानावर तो शिल्लक राहतो, आणि तें पान कोणालाहि उघडतां येतें.

काळाचे शब्द असेच दगा देतात. ‘सध्यां’, ‘नवीन’, ‘लवकरच’, ‘पुढील सत्रापासून’ हे शब्द लिहिले त्या दिवशीं खरे असतात. तीन वर्षांनीं वाचणाऱ्याला ‘सध्यां’ म्हणजे केव्हां, हें कळावयास मार्ग नसतो. त्याजागीं तारीख घालावी, आणि तीहि पुऱ्या अक्षरांत. नुसतें ०३/०४ लिहिलें तर अमेरिकन विद्यार्थी ४ मार्च समजतो, आणि भारतांतून गेलेला ३ एप्रिल. मुदत ‘१२ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत’ असें लिहिणें तर वादाला आमंत्रणच. ती मध्यरात्र बारा तारखेच्या आरंभींची कीं अखेरची? ‘१२ मार्च, रात्रीं ११ वाजून ५९ मिनिटें’ असें लिहिलें कीं भांडण मिटलें.

इतके नियम सांगितल्यावर कोणी म्हणेल कीं, मग विकीचा मोकळेपणा राहिला कोठें? ही शंका रास्त आहे. पन्नास पानांचें नियमपत्रक कोणी वाचीत नाहीं, आणि नियमांच्या भीतीनें संशोधक विद्यार्थी आपली युक्ति लिहावयासच धजत नाहीं. तें नुकसान वांकड्या अवतरणचिन्हापेक्षां मोठें. इंग्रजींत यादीच्या शेवटच्या ‘आणि’पूर्वीं स्वल्पविराम द्यावा कीं देऊं नये, यावर कित्येक चर्चापानें लांबच लांब वाढतात. त्यानें वाचकाची कोणतीहि चूक टळत नाहीं. तो प्रश्न एकदां कसाहि निकालांत काढावा व पुढें चालावें. पत्रक दोन पानांचें असावें, आणि ज्या नियमापुढें ‘हा मोडला तर वाचकाचें काय बिघडतें’ याचें उत्तर लिहितां येत नाहीं, तो काढून टाकावा. नवख्या लेखकाला नियम माहीत नसले तरी चालतें. त्यानें मजकूर खरा लिहावा. आंकडे, मथळे, ठसे जाणत्यानें मागाहून नीट करावे. दुरुस्ती करणाऱ्यानें काय बदललें आणि कां, हें सारांशाच्या चौकटींत एका ओळींत नोंदवावें. कारण न देतां पुसलेलें वाक्य मूळ लेखकाला झोंबतें, आणि तो पुन्हा लिहावयास येत नाहीं.

राहतां राहिला प्रश्न मेलेल्या पानांचा. विद्यापीठें आपल्या यंत्रणा वरचेवर बदलतात, आणि जुन्या यंत्रणेची माहिती देणारें पान मागें उरतें. लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन केव्हांच निघून गेलेला असतो, आणि तें पान आपलें कीं परक्याचें हें ठरवावयास कोणी धजत नाहीं. शोधणाऱ्याला मात्र पुष्कळदां तेंच आधीं सांपडतें, कारण जुन्या पानाकडे नेणारे दुवे अधिक असतात. म्हणून प्रत्येक पानाखालीं तें शेवटीं कोणत्या तारखेला यंत्रावर पडताळून पाहिलें तें लिहावें, आणि पडताळणी कोणत्या कक्षाकडे आहे तेंहि लिहावें; व्यक्तीचें नांव नको, व्यक्ति जातात. यंत्रणाच बंद झाली असेल तर पान पुसूं नये. कोणी तरी त्याचा पत्ता आपल्या वहींत टिपून ठेवलेला असतो, आणि रात्रीं अकरा वाजतां त्याला कोरा पडदा दिसतो. त्या पानावर नव्या पानाकडे वळविणारी एक ओळ घालावी. मीडियाविकींत तशी सोय आहे. जुन्या पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्या पानावर पोंचतो, आणि तें पान प्रथम लिहिणाऱ्याचें नांवहि जुन्या इतिहासांत शाबूत राहतें.